आधी डिझेल आहे का बघा

डिझेलचं इंजिन बंद पडायला फार कारणं नसतात. त्याला स्पार्क प्लग नाही, कार्बुरेटर नाही, डिस्ट्रिब्युटर नाही. सिलिंडरमध्ये हवा कोंडायची आणि वीसेक पट दाबायची. दाबानेच ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि नेमक्या त्या वेळी तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. काडी लावावी लागत नाही, ते आपलं आपण पेटतं. म्हणजे हवा हवी, दाब हवा आणि वेळच्या वेळी डिझेल हवं. एवढ्या तीन गोष्टींत वाद घालायला जागा कुठे आहे, असं ज्याला वाटत असेल त्याने ओतूरच्या अलीकडे कोथिंबीर भरलेली जुनी पिकअप रस्त्याच्या कडेला घ्यावी, बॉनेट उघडावं आणि पाच मिनिटं गप्प उभं राहावं.

अपघाताला जमलेला माणूस मोबाईल काढतो. बॉनेटपाशी जमलेला बाह्या सारतो. पहिला विचारतो, "काय झालं?" दुसरा विचारत नाही, सांगतो. तिसरा दुसऱ्याला सांगतो की तसं नसतं. या तिघांपैकी एकाच्याच घरी चारचाकी असते आणि ती सीएनजीवर चालते. पण कोणीही निदानाला हात घालण्याआधी एक वाक्य पडतंच पडतं: "आधी डिझेल आहे का बघा."

आमच्या मामांना हे वाक्य झोंबतं. जन्म गेला गाडी चालवण्यात, आणि हा कोण मोटरसायकलवाला आपल्याला डिझेल विचारणार? पण बघावं लागतं, कारण त्यांच्या पिकअपचा डिझेलचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावर आहे. टाकी भरा, तो अर्ध्यावर. टाकी कोरडी करा, तरी अर्ध्यावर. मामांच्या मते तो समाधानी आहे. म्हणून सीटच्या मागे सोललेली काठी ठेवलेली असते. ती टाकीत घालायची, बाहेर काढायची, ओल कुठवर आली ते सगळ्यांना दाखवायचं आणि "आहे की!" असं विजयाने म्हणायचं. ही काठी पुढे महत्त्वाची आहे. काठीपेक्षा ती घालायला टाकी उघडावी लागते, हे जास्त महत्त्वाचं आहे.

गाडीच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. दोष नेमका कशाचा होता तेही आताच सांगून टाकतो. तो ठाऊक असताना पुढची माणसं बघायला जास्त मजा येते.

टाकीचं मूळ झाकण कधीतरी डिझेल भरताना पंपावर राहिलं. त्या जागी मामींच्या जुन्या लुगड्याची चिंधी आली. चिंधीने आपलं काम इमानाने केलं, पण आषाढात पाऊस आडवा लागला की तिच्यातून पाणी झिरपे. पाणी डिझेलपेक्षा जड. ते टाकीच्या तळाशी बसतं, आणि डिझेल ओढणारी नळीही तळाशीच असते. एकदा फिल्टरखालचा स्क्रू सोडल्यावर आधी पाणी आलं, मग डिझेल. आमच्या फिटरने मामांना झापलं, "तात्या, चिंधी काय लावता? चांगलं पॅक करा ना." सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पुढचं सगळं त्या बरोबर सल्ल्यामुळे झालं.

पॅक करायचं काम आप्पांनी, म्हणजे मामांच्या वडिलांनी, अंगावर घेतलं. खताच्या गोणीतला आतला जाड प्लास्टिकचा कागद त्यांनी दुहेरी घेतला, टाकीच्या तोंडावर ताणला आणि द्राक्षाचं कलम बांधावं तशा निगुतीने ट्यूबच्या पट्टीने करकचून आवळला. पाण्याचा थेंब आत जाणं अशक्य झालं. हवाही जाणं अशक्य झालं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

टाकीतून जेवढं डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. कंपनीच्या झाकणात त्यासाठी बारीक वाट ठेवलेली असते. ती बंद झाली की टाकीत पोकळी तयार होते. पंप डिझेल आपल्याकडे ओढतो, टाकी ते आपल्याकडे ओढते. जुन्या गाडीचा फीड पंप आधीच थकलेला. थोड्या वेळाने तो हात टेकतो आणि गाडी दोन आचके देऊन शांत होते.

यात एक गंमत आहे, आणि तिनेच सगळ्यांना चकवलं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वर हवा अगदी थोडी. तीन-चार लिटर डिझेल खर्च झालं की तेवढीशी हवा ताणून ताणून पातळ होते आणि पोकळी जबरदस्त होते. टाकी अर्धी असेल तर वर हवा भरपूर, तेवढंच डिझेल गेलं तरी तिला काही वाटत नाही. म्हणजे टाकी फुल्ल केली की मामांची गाडी ओतूरच्या आसपासच बसायची, आणि टाकी अर्धी असली की माळशेज उतरून मुरबाडपर्यंत सुखरूप जायची. जास्त डिझेल घातलं की लवकर बंद पडणारी गाडी पाहिल्यावर भलाभला माणूस विज्ञान सोडून देतो.

आता त्या पहिल्या वाक्याकडे बघा. गाडी बंद पडली. लोक जमले. "आधी डिझेल आहे का बघा." मामांनी कुरकुरत पट्टी सोडली, कागद काढला, काठी घातली. त्या क्षणी टाकीत 'सुस्स' करून हवा शिरली आणि रोग बरा झाला. तो आवाज शेजारून जाणाऱ्या ट्रकांत कोणाला ऐकू आला नाही. ज्या एकाला आला त्याने "टाकीला गॅस झालाय" असं निदान केलं, आणि तो हसण्यावारी गेला. वास्तविक त्या दिवशी सत्याच्या सर्वांत जवळ तोच होता. यानंतर जो कोणी जे काही करील त्याने गाडी चालू होणार होती. नारळ फोडला असता तरी झाली असती.

पहिला मान मिळाला एसटीच्या ड्रायव्हरला. कल्याणची गाडी स्टँडवर लागायला वेळ होता, म्हणून तो चहाचा ग्लास हातात घेऊन आला. खाकी कपड्याला आपल्याकडे बॉनेटपाशी अजून वजन आहे. तो आत डोकावला आणि म्हणाला, "एअर धरलीय." त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, फीड पंपाची घुंडी अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार. स्क्रू आवळला. "मारा." गाडी लागली. ड्रायव्हरने उरलेला चहा एका घोटात संपवला, ग्लास गर्दीतल्या कोणाच्या तरी हातात दिला आणि मागे न बघता गेला. एअर त्याने खरोखरच काढली होती. ती आली कशी, हे विचारायला त्याला कोणी थांबवलं नाही.

खरं तर डिझेलची वाट सरळ आहे. टाकी, टाकीतली जाळी, नळी, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, चार पायपा, चार नोझल, आणि उरलेलं डिझेल परत टाकीत. कुठे अडलंय ते शोधायचं तर टाकीपासून निघावं आणि एकेक टप्पा सोडवत यावं. पण माणूस टाकीपासून निघत नाही, त्याला जे येतं तिथून निघतो. ज्याच्या दुकानात फिल्टर आहेत त्याला फिल्टर दिसतो. वायरमनला स्टॉपची वायर दिसते. मामींना दृष्ट दिसते. त्यांनी लिंबू बांधलं त्या खेपेला टाकी अर्धीच होती, त्यामुळे गाडी कल्याणला बिनबोभाट जाऊन आली आणि घरात लिंबाचं वजन वाढलं.

फिटरने फिल्टर बदलला. जुना फिल्टर काढून त्याने सगळ्यांसमोर उलटा धरला. काळाकुट्ट. "बघा तात्या, हे पीत होती तुमची गाडी." जमलेल्यांनी चुकचुक केलं. वापरलेला फिल्टर काळा निघणं हा काही पुरावा नव्हे, काळं होणं हे त्याचं कामच आहे; पण असल्या दृश्यापुढे युक्तिवाद चालत नाही. फिल्टर बसवून झाल्यावर फिटरने विचारलं, "डिझेल आहे ना?" काठी आली, कागद सुटला, गाडी फर्स्ट क्लास. कागद परत बांधताना त्याने बोटाने दाबून पाहिला. गाडी येऊन थांबली तेव्हा तो ताशाच्या कातड्यासारखा आत ओढलेला होता, हे त्याच्या लक्षात होतं. "आप्पांनी कसला घट्ट बांधलाय," तो कौतुकाने म्हणाला.

पुढच्या खेपेला, टाकी फुल्ल असताना, गाडी ओतूरच्याही अलीकडे बसली. आता दोन पक्ष झाले. एक म्हणे पंपाचं डिझेल भेसळीचं आहे. पुरावा? टाकी भरली की बंद पडते, जुनं डिझेल असलं की चालते! यापेक्षा ढळढळीत पुरावा कोर्टातसुद्धा मिळत नाही. मामांनी पंप बदलला. मग तोही बदलला. शेवटी एका पंपावर जाऊन त्यांनी मापच मागितलं. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप आणि घनता बघायला हायड्रोमीटर ठेवावाच लागतो आणि गिऱ्हाईक ते मागू शकतं. हे मामांना ठाऊक होतं. मागितल्यावर आपल्याकडे लोक कसे बघतात ते ठाऊक नव्हतं. माप बरोबर भरलं, घनताही बरोबर निघाली. घरी त्यांनी काचेच्या बाटलीत डिझेल भरून रात्रभर ठेवलं, तळाशी पाणी बसतंय का बघायला. तेही बसलं नाही. बाटली अजून देवघराच्या खिडकीत आहे, कारण तिच्यातलं डिझेल परत टाकीत घालायला मामांचं मन होत नाही.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, पंप गेला. इथे पंप म्हणजे डिझेल भरायचा नव्हे, गाडीतला मोठा पंप. फिटर लोक तोवर हसत असतात. हे शब्द आले की आवाज खाली आणतात.

या पंपाची इज्जत समजायची तर थोडं मागे जावं लागतं. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं, पण त्यात इंधन आत मारायला दाबाची हवा लागे आणि ती दाबायला वेगळा कॉम्प्रेसर. ते धूड कारखान्यात चालेल, जहाजावर चालेल. गाडीत कुठे बसवणार? 1927 मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून लहानसे, नेमके माप घालणारे पंप मोठ्या संख्येने निघू लागले, तेव्हा डिझेल खऱ्या अर्थाने रस्त्यावर आलं. ते बघायला डिझेलसाहेब नव्हते. 1913 च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून ते रात्रीत नाहीसे झाले. पुढे समुद्रात देह मिळाला, पण नेमकं काय घडलं ते आजतागायत ठरलेलं नाही. ओतूरच्या स्टँडवर विचारलं असतं तर चहा संपायच्या आत चार कारणं मिळाली असती.

पंपवाल्याचं दुकान हे गॅरेज नसतंच. बाहेर ग्रीस, चिखल, उघडी इंजिनं. आत काचेचं केबिन, लखलखीत टेबल, आणि चपला बाहेर. पंपाच्या पोटात प्लंजर नावाची दांडी आपल्या नळीत खाली-वर होते. त्या दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन असतो, म्हणजे केस तिथे हत्तीसारखा अडकेल. दांडी आणि नळीची जोडी जन्माची. एकीची दांडी दुसरीच्या नळीत घालायची नाही. पुसायचंही नाही, कापडाचा धागा राहतो. स्वच्छ डिझेलमध्ये बुचकळून तशीच बसवायची. मामा दारात उभे राहून हे सगळं हात मागे बांधून बघत होते. लेकीच्या ऑपरेशनलासुद्धा ते बाहेर बिडी ओढत बसले होते.

मग नोझल. एकेक नोझल टेस्टरला लावून पंपवाला दांडा दाबी. दीडशे-दोनशे बारच्या आसपास दाब गेला की ते उघडतं. मोटारीच्या चाकात दोनच्या आसपास बार असतो, त्यावरून अंदाज करा. चांगलं नोझल 'कुर्रर्र' आवाज करून धुक्यासारखा फवारा सोडतं. बिघडलेलं लहान मुलासारखं धार धरतं. मी नीट बघायला पुढे झुकलो तर पंपवाल्याने न बघता मनगट धरून बाजूला केलं. तो फवारा चामडीतून आत शिरतो आणि मग हाताचं ऑपरेशन करावं लागतं. चारांपैकी एक नोझल ठिबकत होतं. जुन्या गाडीचं एक नोझल ठिबकतच असतं. "हे बघा!" पंपवाला म्हणाला, आणि मामांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी शांती आली. रोगाला नाव मिळालं होतं, आणि नाव महागडं होतं.

शेवटी पंप बेंचवर चढला. मोटर फिरली, काचेच्या चार नळ्यांत डिझेल चढू लागलं. कमी-जास्त, कमी-जास्त, मग पंपवाल्याने काहीतरी अर्धा आटा फिरवला आणि चारही नळ्या एका पातळीत आल्या. मला ते फार सुंदर वाटलं. बिल किती झालं ते लिहीत नाही. मामींना खरा आकडा अजून माहीत नाही, आणि त्या मासिकं वाचतात.

एवढा खर्च केल्यावर मामांनी हौसेने टाकी गळ्यापर्यंत भरली. आप्पांनी नवा कागद घेतला, तिहेरी. गाडी आळेफाट्याच्या पुढे थोडीशी गेली आणि बसली. इतक्या लवकर ती आजवर कधीच बसली नव्हती. मागे कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली माना टाकत होत्या, शेकड्याचा भाव तासागणिक खाली येत होता, आणि मोटरसायकलवरून उतरलेला एक तरुण विचारत होता, "काका, डिझेल आहे का बघितलं का आधी?"

निदान झालं कल्याणच्या मार्केट यार्डाबाहेर. तिथे एक म्हातारा वस्ताद झाडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो. त्याने बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "किती वेळ चालते?" मग, "टाकी भरलेली असताना लवकर बंद पडते की कमी असताना?" हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, आजवर कोणी विचारलंही नव्हतं. मामा म्हणाले, "भरली की लवकर. भेसळ आहे." वस्ताद काही बोलला नाही. त्याने टाकीकडून येणारी नळी काढली, पेटीतली पारदर्शक नळी जोडून तिचं टोक पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडलं, कॅन टपावर ठेवला आणि इंजिन चालू करून विडा लावत बसला. विडा रंगला, गाडी चालूच. नळीत एक बुडबुडा नाही. म्हणजे कॅनच्या पुढचं सगळं ठणठणीत: फिल्टर, पंप, नोझल, सगळं. जे काही होतं ते मागे, टाकीत.

मग त्याने गाडीची मूळ नळी परत जोडली, मामांना ॲक्सिलेटर दाबून धरायला सांगितलं आणि मला खाली बोलावून बोट दाखवलं. रबरी नळी हळूहळू चपटी होत होती. तो उठला, शेजारी गोणी शिवणाऱ्या हमालाच्या हातातलं दाभण घेतलं, टाकीपाशी गेला आणि आप्पांच्या तिहेरी कागदात खुपसलं. सुस्स. इंजिनाचा आवाज मोकळा झाला.

"झाकण घ्या," तो म्हणाला. पैसे विचारल्यावर म्हणाला, "चहा सांगा."

मामांना राग आला, आणि मला तो समजतो. एवढ्या मोठ्या आजाराचा इलाज दाभणाने करणं हा रोग्याचा अपमान आहे. परतताना सगळा माळशेज घाट ते एक शब्द बोलले नाहीत. गाडी मात्र न कुरकुरता चढली. नंतर त्यांनी झाकण आणलं, किल्लीचं. किल्ली घरी खिळ्याला असते.

त्याला आता बरेच दिवस झाले. मध्यंतरी भाच्याच्या लग्नात सगळेच भेटले. फिटर म्हणाला, "तात्या, ओरिजिनल फिल्टर टाकला म्हणून. लोकल टाकला असता तर बघायचं होतं." पंपवाल्याने समजावलं की बांधलेला पंप सेट व्हायला काही दिवस चालावा लागतो. ओतूर स्टँडवर तो एसटी ड्रायव्हर अजूनही खिडकीतून ओरडतो, "काय मामा, एअर नाही ना धरत आता?" आप्पा म्हणतात, कागदामुळे टाकी आतून गंजायची वाचली. मामा सगळ्यांना हो म्हणतात, आणि स्वतः सांगायची वेळ आली की पंप, नोझल, बेंच, काचेच्या चार नळ्या इथवर तपशिलात सांगून तिथेच थांबतात. कल्याणचं नाव निघत नाही.

मी एकदा एकटं गाठून विचारलं, दाभणाचं का सांगत नाही?

"आरं, पंपाला एवढं पैसं घातलं," मामा आजूबाजूला बघत म्हणाले, "आन् आता लोकांना सांगू व्हय, पिशवीनं बंद पडायची म्हनून?"